दापोडीचा लांबनाक्या

थायलंडहून येताना माणसं काहीबाही आणतात. आमच्या कंपनीतल्या सिद्धेशने डोकेदुखीचा बाम आणला. तोही इतका, की तो संपवायला चाकणच्या अख्ख्या प्लांटने डोकी दुखवून घेतली असती तरी पुरलं नसतं. मी नजर घेऊन आलो. तसं मी विमानतळावरच शुभदाला, म्हणजे माझ्या पत्नीला, सांगितलं. ती म्हणाली, "नजर राहू दे. बॅगेचं चाक कुठे मोडलंस ते सांग."

नजरेची हकिगत अशी. आमच्या कंपनीची एक शाखा थायलंडमध्ये रयाँगला आहे. तिथल्या लोकांना गुणवत्ता शिकवायला मला तीन महिने पाठवलं होतं. त्यांची गुणवत्ता आमच्यापेक्षा बरी निघाली, त्यामुळे माझ्याकडे वेळ भरपूर राहिला. तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर प्रसित नावाचे गृहस्थ बसत. सगळे त्यांना 'खुन प्रसित' म्हणत. खुन म्हणजे आपलं राव. पहिल्या दिवशी मी जरा सरकून बसलो होतो, हे मोकळेपणाने सांगतो.

प्रसितरावांना जुन्या गाड्यांचं वेड होतं. त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये बेडकाच्या तोंडाची एक तीनचाकी होती. तसल्या रिक्षा त्यांच्या अयुथया गावात अजून धावतात. दर रविवारी ते मला घेऊन निघत. आम्ही लाकडी अंगाच्या बसगाड्या बघितल्या, इंजिन उघडंवाघडं ठेवून शेतातून फटफटत जाणारे घरगुती ट्रक बघितले, एका देवळामागे फुलांच्या माळा घातलेली म्हातारी मोटार बघितली. बघायच्या म्हणजे नुसत्या बघायच्या. किंमत विचारायची नाही, हात लावायचा नाही, मालक दिसला तर नमस्कार करायचा, फोटो काढायचा आणि सरबत पिऊन परत यायचं. इतका निर्मळ छंद मी आयुष्यात पाहिला नव्हता. आमच्याकडे तीर्थयात्रेलासुद्धा लोक निघताना साड्यांचं दुकान ठरवून निघतात.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं. अरे, आपण राहतो कुठे? पिंपरी-चिंचवडमध्ये! अर्ध्या देशाची चाकं इथे फिरायला शिकली. थायलंडमध्ये इतकं सापडतं, तर आमच्या गल्लीबोळांत काय काय दडलं असेल! फक्त बघणारा हवा होता आणि तो आता पिंपळे सौदागरात तिसऱ्या मजल्यावर राहत होता.

पहिल्या रविवारी मी तळेगाव दाभाड्यात गेलो. एका जुन्या घरापुढे गोल दिव्याची सुंदर मोटार उभी होती. मी वाकून फोटो घेत असताना घरातल्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "लोखंड कसं घेता?" मी भंगारवाला नाही, हे सांगेपर्यंत त्यांनी बिघडलेला कूलर, पाण्याची टाकी आणि सुनेचा व्यायामाचा पट्टा अंगणात आणून मांडला होता. मी काहीच नेत नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग कॉलरचा शर्ट घालून कशाला येता?"

पुढच्या रविवारी माण गावाला. तिथे आयटी पार्कच्या काचेच्या इमारतींच्या सावलीत किसनदादा नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी एक पुराणी जीप होती. मागच्या बाजूला कडबा, बॉनेटवर मांजर. मी फोटो काढला तसे किसनदादा काठी टेकत आले.

"मोजणीला आलाय व्हय?"

"नाही दादा. जीप बघायला आलोय."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "हितं समदी जमीन बघाया येत्यात. जीप बघाया आलेलं तुमीच पयले. खरं सांगा, जीपखालचे दोन गुंठे तर न्हाई ना मोजायचे?"

त्यांनी चहा पाजला, पण मी पावलं टाकत निघालो तर ते मागून माझी पावलं मोजत होते.

असे अपमान होतच राहतात. प्रत्येक संशोधकाचे होतात. माझा आत्मविश्वास मात्र तसूभर ढळला नाही आणि त्याचं फळ मला दापोडीत मिळालं.

दापोडीत रेल्वेच्या बाजूला एका उताराच्या गल्लीत, पिंपळाच्या पाराशेजारी, तो उभा होता. लांब नाकाचा तीनचाकी टेम्पो! पुढे एक चाक, त्यावर पुढे आलेलं लांबलचक नाक, नाकाच्या दोन्ही बाजूंना गालफडं, मागे हौदा. एके काळी असले टेम्पो इथल्याच कारखान्यांतून निघून अख्खा महाराष्ट्र वाहून नेत असत. आता शोधून सापडत नाहीत. याचा रंग निळा होता, दिवा एक होता आणि हौद्यात तुळस, कोरफड आणि मिरच्यांच्या कुंड्या होत्या. मला गहिवरून आलं. दारात बसलेल्या वयस्क बाईंना मी हात जोडले. त्यांनी पाणी दिलं, कौतुकाने हसल्या आणि मी फोटो काढून निघालो. एवढं निर्विघ्न काही पार पडलं की मागून विघ्न येत असतं, हे मला कळायला हवं होतं.

फोटो प्रसितरावांना पाठवला. लगेच फोन. ते पुढच्याच महिन्यात कामासाठी चाकणला येणार होते. "सुरेनराव," ते म्हणाले (सुरेंद्र त्यांना जमत नसे), "मी ताजमहाल बघणार नाही. मला हा बघायचा आहे. हा तिथेच राहील ना?"

"अहो, पंचवीस वर्षं तिथेच आहे," मी म्हणालो. "जाणार कुठे?"

त्याच उत्साहात मी सगळे फोटो, कुठली गाडी कुठे उभी आहे या माहितीसकट, सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. वर लिहिलं : 'आपला यांत्रिक वारसा'. सुजितने अंगठा दिला, दोघांनी चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि विजयश्रीताईंनी विचारलं, 'पत्ते नक्की बरोबर आहेत ना?' कोणीतरी इतक्या आस्थेने विचारतंय म्हणून मी भारावलो. जवळच्या खुणाही लिहून पाठवल्या.

विजयश्रीताई आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी महापालिकेच्या तक्रारींच्या अ‍ॅपला वाहून घेतलं आहे. खड्डा, बंद दिवा, कलंडलेली कचरापेटी, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. त्यांच्या तक्रारीचं निवारण झालं नाही असं आजवर घडलेलं नाही, कारण त्या होईपर्यंत झोपत नाहीत आणि दुसऱ्यांनाही झोपू देत नाहीत.

प्रसितराव येण्याच्या आदल्या शुक्रवारी त्या मला लिफ्टमध्ये भेटल्या.

"अभिनंदन, सुरेंद्रराव! तुमच्या कष्टाचं चीज झालं. तुम्ही शोधलेल्या सगळ्या बेवारस गाड्यांची मी तक्रार टाकली होती. बाकीच्या महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या निघाल्या. दापोडीची तेवढी हद्दीत आहे, ती रविवारी उचलतील."

लिफ्ट वर चालली होती. मी एकटाच खाली चाललो होतो.

"अहो ताई, त्या बेवारस नव्हत्या! तो वारसा होता!"

"असं कसं? वारसा असता तर वारसांनी पुसला नसता का?" त्या म्हणाल्या. त्यांचा मजला आला.

शनिवारी मी सुट्टी काढून एका कार्यालयात गेलो. कुठल्या ते सांगत नाही. मला तिथे पुन्हा काम पडू शकतं. खिडकीतल्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तक्रार तक्रारदारच मागे घेऊ शकतो," ते म्हणाले.

"पण गाडीला मालक आहे."

"असेल. पण गाडी बेवारस नाही हे गाडीने सिद्ध करायला पाहिजे. चालली पाहिजे. पथकासमोर चालली, की विषय संपला."

"पण रविवारी कशी मोहीम? रविवारी सुट्टी असते ना?"

"म्हणूनच," ते म्हणाले. "ओव्हरटाइम."

संध्याकाळी विजयश्रीताईंना भेटलो. तक्रार मागे घ्या म्हणून अक्षरशः विनवण्या केल्या. "चालणारी गाडी असेल तर घेईन ना," त्या म्हणाल्या. "पण मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही. व्हिडिओ तर पाठवूच नका, हल्ली व्हिडिओत कुत्रीसुद्धा भजन म्हणतात."

शुभदाने घरी सगळं ऐकलं आणि म्हणाली, "त्या बाईंनी तुला पाणी दिलं होतं ना रे? तू त्यांचा टेम्पो उचलवतोयस." माझा आत्मविश्वास पहिल्यांदा हलला तो या वाक्याने. मला खरोखर वाईट वाटलं. प्रसितरावांपुढे फजिती होणार ती वेगळी, पण कोणाच्या दारचं काही आपल्यामुळे जावं, हे बरं नव्हे. मी ठरवलं, रविवारी सकाळी जायचं, त्या घरी सगळं सांगायचं आणि टेम्पो चालवून दाखवायचा. वाहन उद्योगात हयात गेलेल्या माणसाला एक टेम्पो चालू करता येणार नाही?

रविवारी प्रसितरावांना त्यांच्या हॉटेलवरून घेतलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात कॅमेरा अडकवून तयार होते. गल्लीत शिरलो आणि टेम्पोच्या जागी आम्हाला दिसला गोधड्यांचा डोंगर. एकावर एक इतक्या गोधड्या वाळत घातलेल्या, की खाली टेम्पो आहे की हत्ती, कळू नये. नाक तेवढं बाहेर आलं होतं.

"आला! फोटोवाला आला!" कोणीतरी ओरडलं.

बघता बघता गल्ली गोळा झाली. नाकावर चिकटवलेली नोटीस सगळ्यांनी वाचली होती आणि तिच्यात चिकटवलेला फोटो मी काढला त्याच कोपऱ्यातून काढलेला होता. गर्दीतून एक तरुणी पुढे आली. पाणी देणाऱ्या साधनाबाईंची ही मुलगी मैत्री, पिंपरीच्या कोर्टात वकील. आवाज अजिबात चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

"हा फोटो तुम्ही काढला?"

"हो, पण..."

"परवानगी घेतली होती?"

"नमस्कार केला होता."

"नमस्काराला परवानगी म्हणत नाहीत. फोटो कोणाला दिला?"

"सोसायटीच्या ग्रुपवर. वारसा म्हणून."

"आमच्या वडिलांचा टेम्पो तुमच्या सोसायटीचा वारसा कसा?"

गर्दीत हशा पिकला. चाकणच्या ऑडिटमध्ये मी परदेशी ग्राहकांना पाणी पाजलेलं आहे. इथे मला एक वाक्य पूर्ण करता येईना. तरी मी नेट धरला आणि सगळं सांगितलं. ग्रुप, विजयश्रीताई, कार्यालय, पथक. "चूक माझी आहे," मी म्हणालो, "आणि निस्तरायला मी आलोय." मैत्रीने नुसतं "हं" केलं. कोर्टात असल्या 'हं'वर लोकांच्या शिक्षा ठरत असाव्यात.

या सगळ्यात प्रसितराव कुठे आहेत, हे मी विसरलोच होतो. ते साधनाबाईंच्या दारापाशी होते. आत भिंतीजवळ बुद्धांची मूर्ती होती, समोर फुलं. त्यांनी बूट काढले, उंबऱ्याबाहेरच गुडघे टेकले, हात जोडले आणि हळू आवाजात म्हणू लागले, "फुत्थांग सरणांग खच्छामि..."

साधनाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. मग त्याही शेजारी बसल्या आणि त्यांच्या आवाजात आवाज मिसळला, "धम्मं सरणं गच्छामि..." मागे गल्लीतल्यांनी हात जोडले. तिसऱ्या ओळीला बरेच जण म्हणत होते, प्रत्येकाचा उच्चार आपापल्या गावचा. मराठी, इंग्रजी, थाई, काही लागलं नाही.

संपल्यावर साधनाबाईंनी डोळे पुसले. "कुठनं आलात, बाबा?"

"थायलंडहून आलेत," मी पुढे होऊन म्हणालो.

"पाहुण्यांना आत बसवा," त्या म्हणाल्या. मी बूट काढायला वाकलो तशी मैत्री म्हणाली, "पाहुण्यांना. तुम्ही टेम्पोजवळ थांबा."

मी थांबलो. आत प्रसितरावांना पोहे मिळाले. वास मलाही मिळाला.

इतक्यात गल्लीच्या तोंडाशी क्रेनची गाडी येऊन उभी राहिली. मागून जॅकेट घातलेले पथकाचे साहेब उतरले. मैत्री तीरासारखी बाहेर आली, हातात फाईल. कागद तिने दरवर्षी चालू ठेवले होते. टेम्पो चालू ठेवायचा तेवढा राहून गेला होता.

साहेबांनी फाईल बाजूला सारली. "मॅडम, कागदाचं माझ्याकडे नाही, ते खातं वेगळं. मला गाडी चालताना दाखवा."

"दर जयंतीला मिरवणुकीत चालते," साधनाबाई म्हणाल्या. "ढकलून चालू होते."

"ढकला मग. क्रेन लागेपर्यंत वेळ आहे."

गोधड्या उतरल्या, कुंड्या उतरल्या. निळा लांबनाक्या उन्हात आला तसे प्रसितराव पोह्यांची बशी हातात घेऊन बाहेर धावले आणि नुसते उभेच राहिले. मी बाह्या सरसावून ढकलणाऱ्यांत शिरलो. मैत्रीने माझ्याकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं. "तुम्ही ढकलायच्या कामाचे नाही. तुम्ही बसा स्टिअरिंगवर. मी ढकलणाऱ्यांना सांभाळते."

"बरोबर निर्णय," मी म्हणालो. "मी वाहन उद्योगातच आहे."

आत बसलो. समोर डॅशबोर्ड वगैरे काही नव्हतं. एक चाक, एक दांडा आणि भोक पडलेलं एक तबकडीवजा काहीतरी. मागून पन्नास हात लागले आणि टेम्पो उतारावरून निघाला. "आता क्लच सोडा!" मैत्री ओरडली. मी सोडला. टेम्पोने एक आचका दिला, खोकला आणि काहीच झालं नाही. "पुन्हा!" पुन्हा आचका. क्रेनवाला आपला हूक बाजूला घेऊन बघत होता. तिसऱ्यांदा सोडला आणि माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या मधोमध एक स्फोट झाला. धड्ड, धड्ड, धड्ड! मागे काळा ढग उठला. ढकलणारे सगळे त्यात नाहीसे झाले.

"चालू झाला!" मी विजयाने ओरडलो आणि ब्रेक दाबला. ब्रेक उशीसारखा तळापर्यंत दबला.

"तीनदा मारायचा!" मागून साधनाबाईंचा आवाज. "ह्यांचा तसाच होता, तीनदा मारायचा!"

मी एकदा मारला, दुसऱ्यांदा मारला, पथकाचे साहेब भिंतीवर चढले, तिसऱ्यांदा मारला आणि लांबनाक्याचं नाक क्रेनच्या दिव्याला हलकेच टेकून थांबलं. धड्ड धड्ड मात्र चालूच. मी ऐटीत उतरलो आणि रुमालाने क्रेनचा दिवा पुसून दिला.

भिंतीवरूनच साहेब म्हणाले, "वाहन चालू आहे. मान्य. आता तक्रारदाराला तेवढं मान्य करायला लावा. तोवर मी चहा घेतो."

"त्या बघितल्याशिवाय मान्य करणार नाहीत," मी म्हणालो.

"मग दाखवून आणू," मैत्री म्हणाली आणि मला बाजूला करून चाकावर बसली. "बंद करायची नाही. बंद केली तर पुढची जयंती." तिने साधनाबाईंना हाक मारली, "आई, येतेस?"

साधनाबाईंनी दाराला कडी लावली. केस नीट केले. "ह्यांनी मला एकदाबी बसवलं नाही त्यात," त्या म्हणाल्या. "कायम माल भरलेला. म्हणायचे, हौदा रिकामा झाला की तुला फिरवतो. रिकामा कधी झालाच नाही." प्रसितरावांनी हात देऊन त्यांना पुढच्या बाकावर चढवलं आणि ते त्यांच्या शेजारी बसले. तिघं बसल्यावर पुढे जागा उरली नाही. मी हौद्यात उभा राहिलो.

पिंपळे गुरवमधून पिंपळे सौदागरला आमची ही स्वारी निघाली. वेग बैलगाडीचा, आवाज रणगाड्याचा. मी दोन्ही हातांनी केबिनचं छप्पर धरून उभा होतो. बसस्टॉपवरचे लोक फोटो काढत होते, एकाने मला कुठल्या वॉर्डातून उभे आहात असंही विचारलं. पुढच्या खिडकीतून साधनाबाई एकेक दुकान बघत चालल्या होत्या आणि काहीतरी सांगत होत्या. प्रसितराव एक शब्दही न कळता मान डोलावत होते. मागे उभा राहून मी ते बघत होतो आणि प्रामाणिकपणे सांगतो, रयाँगमध्ये आम्ही बघितलेली एकही गाडी याच्या जवळपास येत नव्हती. त्या आम्ही नुसत्या बघितल्या होत्या.

सोसायटीच्या फाटकात वॉचमनने सलाम ठोकला, मग मी हौद्यात आहे हे बघून तो अर्ध्यावर आवरला. विजयश्रीताई खाली आल्या. त्यांनी टेम्पोभोवती चक्कर मारली. "मागे घ्या," त्या मैत्रीला म्हणाल्या. मैत्रीने मागे घेतला. "पुढे." पुढे आला. "हॉर्न." हॉर्न नव्हता, तो साधनाबाईंनी तोंडाने वाजवला. ताईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पण त्यांनी मोबाईल काढला, काही बटणं दाबली आणि म्हणाल्या, "निवारण झालं. चुकीची तक्रार होती, हे मी नमूद केलंय. माझ्या खात्यावर पहिलीच." मग साधनाबाईंकडे वळून हात जोडले, "त्रास झाला तुम्हाला. चहा घेणार?"

"बंद होईल ओ ती," साधनाबाई म्हणाल्या. "पुन्हा येईन. आता मला आकुर्डीला न्या म्हणतेय मी. नवीन टेम्पो घेऊन हे तिथल्या कारखान्याच्या गेटातनं बाहेर आले, तेव्हा मी घरी होते. बघू तरी कुठलं गेट ते."

मैत्रीने माझ्याकडे बघितलं. "तुमची गाडी दापोडीत आहे ना? संध्याकाळपर्यंत मिळेल. चालेल?"

मी काही बोलायच्या आत हौद्याचा मागचा फळका खडखडला. शुभदा चढत होती. महिनाभर मला भंगार, बाम आणि बॅगेचं चाक ऐकवणारी माझी बायको, पदर खोचून.

"सरक जरा," ती म्हणाली. "आकुर्डीला जाताना चिंचवडच्या पुलावर वारा चांगला लागतो."

लांबनाक्या निघाला. पहिल्या वळणाला तिचा तोल गेला, तिने माझी कॉलर धरली आणि आम्ही दोघं इतके हसलो, की वॉचमनने शेवटी तो सलाम पूर्ण केला.

पुलावर पोहोचलो तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर विजयश्रीताईंनी नुकत्याच टाकलेल्या तक्रारीची प्रत आली. सोबत गॅलरीतून काढलेला आमचा फोटो. 'निळा तीनचाकी टेम्पो. काळा धूर. कर्कश आवाज. हौद्यात दोन इसम उभे राहून मोठमोठ्याने हसत आहेत.'

शुभदाने ते दोनदा वाचलं. धुराला, आवाजाला तिची काही हरकत नव्हती. 'इसम' तेवढं तिला लागलं.